भरलेली की रिकामी? ठासणीच्या बंदुकीचे शास्त्र आणि शिस्त

सन १५९७च्या आरंभी गोदावरीच्या काठी, सोनपेठ-पाथरीच्या टापूत, एक मोठी लढाई झाली. इतिहासात ती सोनपेठची किंवा आष्टीची लढाई म्हणून ओळखली जाते. सोनपेठ आणि पाथरी आज परभणी जिल्ह्यात आहेत. आष्टी ज्या परतूर तालुक्यात आहे, तो तालुकाही १९८१ साली जालना जिल्हा होईपर्यंत परभणीतच होता. आदल्या वर्षी अहमदनगरचा वेढा उठवताना चांदबिबीने वऱ्हाड मोगलांना दिले होते. परंतु वऱ्हाडात न मोडणारे पाथरीही मोगलांनी बळकावले, अशी दक्षिणी राज्यांची तक्रार होती. त्यामुळे अहमदनगर, विजापूर आणि गोवळकोंडा यांच्या फौजा विजापूरचा सरदार सुहैलखान याच्या नेतृत्वाखाली एकत्र आल्या. समोर होता अब्दुल रहीम खानखाना. ज्याचे दोहे आपले विद्यार्थी हिंदीच्या पुस्तकात वाचतात, तोच हा रहीम.

पहिल्या दिवशी विजापूरच्या तोफखान्याने मोगलांची दाणादाण उडवली. खानदेशचा राजा अलीखान मारला गेला. आपण जिंकलो असे समजून दक्षिणी फौजा पांगल्या. रात्र पडली, तेव्हा खानखाना नेमका विजापूरच्या तोफा उभ्या होत्या त्याच जागेवर होता. थोड्या अंतरावर सुहैलखानाच्या तळावर मशाली पेटल्या. त्या काळी विजापूर दरबारी असलेला इतिहासकार फिरिश्ता सांगतो, की मैदानात भरलेल्या अवस्थेतच राहिलेल्या काही विजापुरी तोफा खानखानाने त्या उजेडाच्या रोखाने डागल्या. दुसऱ्या दिवशी सुहैलखानाचा पराभव झाला.

या हकिकतीत विज्ञानाच्या शिक्षकाला रस वाटावा अशी एक गोष्ट आहे. तोंडातून भरायची तोफ किंवा बंदूक एकदा भरली, की ती भरलेलीच राहते. कोणी भरली, कोणासाठी भरली, याच्याशी तिला कर्तव्य नसते. आणि बाहेरून पाहून ती भरलेली आहे की रिकामी, हे मुळीच कळत नाही.

असे का होते, हे समजण्यासाठी बंदुकीची रचना पाहू या. ठासणीच्या बंदुकीची नळी मागच्या बाजूने बंद असते. मोजलेली दारू तोंडातून आत ओततात, त्यावर बोळा आणि गोळी घालून गजाने ठासतात. यालाच बार भरणे म्हणतात. नळीच्या मागच्या टोकाला एक बारीक भोक असते, त्याला काना म्हणतात. कान्यापाशी चिमूटभर बारीक दारू, म्हणजे रंजक, ठेवतात. तोड्याच्या बंदुकीत जळता तोडा या रंजकेला लागतो, कान्यातून ठिणगी आत जाते आणि बार उडतो. पुढे तोड्याच्या जागी चकमक आली आणि एकोणिसाव्या शतकात टोपी आली. मात्र भरण्याची रीत तीच राहिली. ‘फुसका बार’ आणि ‘बत्ती देणे’ हे आपल्या बोलण्यातले शब्दप्रयोग याच व्यवहारातले आहेत.

ही बंदूक निर्धोकपणे भरण्याचे काही नियम आहेत. प्रत्येकामागे साधे भौतिक किंवा रासायनिक कारण आहे.

बंदुकीची दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन सोरा पुरवतो, म्हणून बंद नळीतही ती जळते. नोबल आणि एबल या दोन ब्रिटिश संशोधकांनी १८७५ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार दारूच्या वजनाचा सुमारे ४३ टक्के भागच वायू होतो. उरलेला सुमारे ५७ टक्के भाग घनरूप असतो. काळ्या दारूचा दाट धूर आणि नळीत बसणारी काजळी म्हणजे हाच भाग. त्या काजळीत कधी एखादा निखारा धुमसत राहतो. त्यावर नवी दारू पडली तर ती भरणाऱ्याच्या हाताशीच पेटते. म्हणून दोन बारांच्या मध्ये ओला बोळा फिरवण्याची रीत पडली. पाण्याने निखारा विझतो आणि पाण्यात विरघळणारे पोटॅशियमचे क्षारही धुऊन निघतात. दारू शिंगातून थेट नळीत न ओतता आधी लहान मापात घेतात, त्याचेही कारण हेच. ठिणगी असलीच तर मापातली दारू पेटेल, शिंगातला सगळा साठा नव्हे.

दुसरा नियम असा, की गोळी दारूवर नीट टेकली पाहिजे. ती मध्येच अडकून राहिली तर ती नळीतला अडथळा ठरते. मागून वेगाने येणारे वायू तिथे आदळतात, दाब एकाच जागी अचानक वाढतो आणि नळी फुगते किंवा फुटते. तिसरा नियम म्हणजे रंजक अगदी शेवटी. ठासताना हात आणि चेहरा नळीच्या तोंडाजवळ असतात. त्या वेळी कान्यापाशी पेट घेणारे काही असता कामा नये. आणि रंजक उडूनही बार उडाला नाही, तर बंदुकीचे तोंड निर्धोक दिशेला धरून थांबायचे, कारण आत आग धुमसत असू शकते.

तरीही सर्वांत मोठा धोका विसरण्याचा असे. अमेरिकी यादवी युद्धात, जुलै १८६३मध्ये, गेटिसबर्गच्या रणांगणावरून सुमारे २७ हजार बंदुका गोळा केल्या गेल्या. त्यांतल्या सुमारे २४ हजार भरलेल्या निघाल्या आणि जवळजवळ निम्म्या बंदुकांत एकावर एक दोन बार होते. काहींत तर त्याहून जास्त. गोंधळात आपला बार उडालाच नाही हे शिपायाच्या लक्षात आले नाही आणि त्याने पुन्हा भरले. यावरचा उपाय मात्र अगदी साधा होता. गजावर दोन खुणा करायच्या, एक रिकाम्या नळीची आणि एक भरलेल्या नळीची. गज आत सोडला की नळीत काय आहे ते न पाहताही कळते.

हा सगळा इतिहास झाला असे समजू नये. काळी दारू कोरडी राहिली तर शतकानुशतके आपला गुण सोडत नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये वर्षानुवर्षे प्रदर्शनात असलेली अठराव्या शतकातली एक तोफ २०१३ साली साफ करायला घेतली, तेव्हा आत गोळा, बोळा आणि सुमारे ८०० ग्रॅम दारू सापडली. दारू अजून पेट घेण्याजोगी होती. आपल्याकडेही जुन्या वाड्यांच्या भिंतींवर अशा बंदुका असतात. गडचिरोलीच्या बाजूला तिला ‘भरमार’ म्हणतात. १९५९च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी वापरायच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, पण परवाना तिलाही लागतो. अशी जुनी बंदूक विद्यार्थ्यांनी पाहिली किंवा शाळेत आणण्याचा विचार केला, तर त्यांना एवढेच सांगावे: ती भरलेली आहे असे धरून चालायचे, हात लावायचा नाही, चाप ओढून पाहायचा नाही, पोलिसांना कळवायचे.

वर्गात मात्र गजाचे तत्त्व सहज दाखवता येईल. एका बाजूने बंद केलेली पुठ्ठ्याची नळी आणि तिच्याहून लांब काठी घ्या. नळी रिकामी असताना काठी आत सोडून तोंडापाशी पेन्सिलीची खूण करा. मग मुलांच्या नकळत एक किंवा दोन कापसाचे बोळे आत सरकवा आणि न डोकावता आत किती बोळे आहेत ते ओळखायला सांगा. प्रत्येक बोळ्याची जाडी आधी मोजलेली असेल, तर मुले बोळ्यांची संख्याही सांगतील. या प्रयोगात दारू, फटाके किंवा काडीपेटी यांचे काहीच काम नाही. जे दिसत नाही ते अंदाजाने ठरवायचे नसते, मोजून पाहायचे असते, एवढे मुलांच्या लक्षात आले तरी तास सार्थकी लागेल.