आधीं परवाना, मागाहून परीक्षा

मोटारीचा परवाना म्हणजे कौशल्याची ग्वाही, अशी आपली समजूत असते. आरंभीं तसें नव्हतें. ब्रिटनमध्यें 1903 च्या कायद्यानें परवाना सक्तीचा झाला. वय सतरा आणि पांच शिलिंग असले कीं पुरे! हांकतां येतें काय, हें कोणी पुसत नसे. गुन्हा घडल्यास न्यायालयानें तो परवान्यावर नोंदावा किंवा परवानाच रोखावा, एवढाच त्याचा उपयोग. 1934 सालीं तेथील रस्त्यांवर 7,343 माणसें दगावलीं. त्याच वर्षाच्या कायद्यानें आणलेली परीक्षा 1 जून 1935 पासून सक्तीची झाली. शिकाऊ इसमानें गाडीस लाल 'एल्'ची पाटी लावावी, शेजारीं जाणता चालक बसवावा, असें ठरलें. हें आम्हांस योग्यच वाटतें. परंतु 1 एप्रिल 1934 पूर्वींच परवाना घेतलेल्यांस परीक्षा माफ होती. म्हणजे तीं माणसें दगावलीं तेव्हां जे गाड्या हांकीत होते, तेच बहुतेक सुटले!