टपालाने येणारी जकात

श्रोतेहो, परदेशातील दुकानाचा माल घरबसल्या मागविणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. संगणकाच्या पडद्यावर किंमत दिसते, ती आपण चुकती करतो आणि व्यवहार संपला असे मानतो. पुढे पार्सल येते तेव्हा ते सोडविण्यासाठी आणखी रक्कम मागितली जाते. घेणाऱ्यास वाटते, आपण फसविले गेलो. वस्तुतः ही फसवणूक नव्हे. ती जकात असते. प्रश्न इतकाच की ती आपणांस अनपेक्षित का वाटावी? याचे उत्तर इतिहासात सापडते.

जकात ही राज्यसंस्थेइतकीच जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगरद्वारी शुल्क घेणाऱ्या शुल्काध्यक्षाची कर्तव्ये सांगितली आहेत. नव्या करारातील मत्तय आपणांस प्रथम भेटतो तो जकातीच्या नाक्यावर बसलेला. परंतु या जुन्या नाक्यांवर जकात भरी तो व्यापारी. तो स्वतः मालाबरोबर येई, दर जाणून असे आणि भरलेली रक्कम मालाच्या किमतीत मिळवून टाकी. गिऱ्हाईक जकात देतच असे. मात्र ती त्याला वेगळी दिसत नसे.

आपल्या भागाला तर नाक्यांचा चांगलाच परिचय आहे. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा ही संस्थाने होती तेव्हा त्यांची स्वतःची जकात असे. 1878 साली इंग्रज व पोर्तुगीज यांच्यात तह झाला आणि 1880 पासून गोवा व ब्रिटिश हिंदुस्थान यांमधील जकातीची सरहद्द उठली. 1892 मध्ये तो तह संपताच ती पुन्हा उभी राहिली. माल तोच, वाट तीच. केवळ एका कागदाची मुदत संपल्याने त्यावर जकात बसू लागली. मुंबई शहराची जकात तर अगदी अलीकडे, 1 जुलै 2017 रोजी बंद झाली.

टपालाने या व्यवस्थेत मोठा पालट घडविला. 1874 साली जागतिक टपाल संघ स्थापन झाला आणि 1880 मध्ये पॅरिस येथे देशोदेशींच्या पार्सलांविषयी करार झाला. तेव्हापासून घरी बसलेला सामान्य माणूसही कायद्याच्या दृष्टीने आयातदार होऊ लागला. व्यापारी नाक्याच्या पलीकडेच राहिला आणि जकातीचा भार थेट गिऱ्हाइकाच्या दारी आला.

हा भार कसा वाढतो, ते पाहण्यासारखे आहे. भारतात व युरोपात मूळ किमतीत वाहतूक व विमा मिळवून त्या बेरजेवर जकात आकारतात. नंतर जकातीसह होणाऱ्या एकूण रकमेवर विक्रीसारखा कर बसतो. समजा, वस्तू 100 रुपयांची आणि वाहतूक 20 रुपयांची आहे. जकात शेकडा 10 असेल तर ती 12 रुपये होते. मग 132 रुपयांवर शेकडा 20 कर धरला, तर आणखी 26 रुपये 40 पैसे. यावर पार्सल सोडविणाऱ्या कंपनीची हाताळणी निराळी. म्हणजे 120 रुपयांच्या मालाला 158 रुपयांहून अधिक पडतात.

लहानसहान पार्सलांवर जकात वसूल करण्यास मिळकतीपेक्षा खर्चच अधिक येतो, हे सरकारांनी ओळखले होते. म्हणून अमेरिकेने 1938 साली एका डॉलरपर्यंतच्या किरकोळ मालास माफी दिली. ही मर्यादा 1978 मध्ये 5, 1993 च्या कायद्याने 200 आणि 2016 मध्ये 800 डॉलर झाली. सोयीसाठी उघडलेली ही खिडकी मग व्यापाराचा महाद्वार बनली. 2024 च्या आर्थिक वर्षात अशी 130 कोटींहून अधिक पार्सले अमेरिकेत शिरली. ब्रिटनमध्येही तसेच घडले. जर्सीसारख्या बेटांवरून संगीताच्या तबकड्या करमाफीने येत आणि गावोगावचे दुकानदार बुडत. अखेर 2012 मध्ये त्या बेटांपुरती ती सवलत काढून घेण्यात आली.

त्यानंतर दारे एकामागून एक मिटू लागली. ब्रिटनने 1 जानेवारी 2021 रोजी 15 पौंडांची करमाफी रद्द केली. त्याच दिवशी युरोपशी असलेले जुने व्यापारी नातेही बदलल्याने तेथील असंख्य ग्राहकांच्या हाती अनपेक्षित बिले पडली. युरोपीय संघाने त्याच वर्षीच्या 1 जुलैस 22 युरोंची सवलत संपविली. भारताने 12 डिसेंबर 2019 रोजी भेट म्हणून येणाऱ्या मालाची जकातमुक्त आयात बंद केली, कारण परदेशी व्यापारी विकलेल्या मालावर ‘भेट’ असे लिहून पाठवीत होते. अपवाद राहिला तो जीवरक्षक औषधांचा व राखीचा.

अमेरिकेने 29 ऑगस्ट 2025 पासून सर्व देशांच्या लहान पार्सलांची माफी थांबविली, तेव्हा त्याची झळ आपल्या घरांनाही लागली. 25 ऑगस्टपासून भारतीय टपाल खात्याने तिकडची पार्सले घेणे थांबविले. पत्रे व 100 डॉलरांपर्यंतच्या भेटवस्तू यांना प्रथम मुभा होती. महिनाअखेर तीही गेली. मुलाबाळांना दिवाळीचा फराळ पाठवू पाहणाऱ्या आईवडिलांना वाट पाहणे भाग पडले. 15 ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, सेवा पुन्हा सुरू झाली. मात्र जकात येथेच, पार्सल देतानाच, भरावयाची अशी व्यवस्था झाली.

या अखेरच्या व्यवस्थेत मला जुन्या नाक्याचा न्याय दिसतो. पाठविणाऱ्याने जकात आधी भरावी आणि घेणाऱ्यास पूर्ण किंमत आधी कळावी, हेच उभयतांच्या हिताचे. ब्रिटनमध्ये 135 पौंडांपर्यंतच्या मालावरील कर विक्रीच्या वेळीच घेण्याची रीत आली, तिचे मर्मही हेच. जकात देण्याने माणूस तितका दुखावत नाही; ती आधी सांगितली नाही, याने तो दुखावतो.

तेव्हा, श्रोतेहो, परदेशी माल मागविताना दोन गोष्टी विक्रेत्यास अवश्य विचाराव्यात: या किमतीत जकात व कर धरले आहेत काय, आणि नसल्यास ते कोणी व केव्हा भरावयाचे? खरेदीची पावती जपून ठेवावी. आणि किंमत कमी लिहून पाठवितो, असे कोणी म्हणाल्यास त्या मोहात पडू नये. खोट्या किमतीचा माल जप्त होऊ शकतो व वर दंडही बसतो.