रानटर्कीची शिकार
उत्तर अमेरिकेतील रानटर्कीची (मेलिॲग्रिस गॅलोपॅव्हो) वसंतातील शिकार मुख्यतः नरांची असते आणि ती पक्ष्याच्या दिनक्रमावर बेतलेली असते. रात्र उंच झाडांवर काढून नर उजाडताच तिथूनच गडगडता आवाज काढतात. दबा धरलेला शिकारी मादीच्या आवाजाची नक्कल करतो. झाडाखाली खऱ्या माद्या जमल्या, की ही नक्कल बहुधा वाया जाते. पहाटेचाच बोलबाला फार असला, तरी चिवट शिकाऱ्याला उशिराची सकाळ अधिक फळते : माद्या घरट्यांकडे गेल्यावर एकटा पडलेला नर हाकेला सहज भुलतो. दुपारी पक्षी सावलीत शांत असतात. संध्याकाळी मुक्कामाच्या झाडाजवळ त्यांना गाठणे अनेक शिकारी गैर मानतात. मिसुरी राज्यात आधुनिक वसंत हंगाम १९६० मध्ये सुरू झाला. तेथे दुपारी १ नंतर शिकारीला दीर्घकाळ मनाई होती.