दख्खनचा दरवाजा : दाभोळ

आम्हा हिंगोलीकडच्या माणसांचा समुद्राशी संबंध कमीच. सहल म्हटली की खुलताबाद, दौलताबाद, फार तर बिदर-गुलबर्गा. पण बिदरला महमूद गवानचा मदरसा पाहणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते, की हा माणूस दख्खनमध्ये आला तो दाभोळच्या बंदरातून? इराणच्या गीलान प्रांतातला हा व्यापारी १४५३ साली इथे उतरला. माल विकावा, बिदरचे सूफी शाह मुहिबुल्लाह यांची भेट घ्यावी, एवढाच त्याचा बेत. पुढे तो बहामनी राज्याचा वजीर झाला आणि १४८१ मध्ये एका बनावट पत्रावरून त्याचा शिरच्छेद झाला.

दाभोळ म्हणजे दापोली तालुक्यातले, वाशिष्ठी खाडीच्या मुखावरचे गाव. रशियन प्रवासी निकितिन परतीच्या जहाजावर चढला तो इथूनच. अरबस्तान, खुरासानचे घोडे या धक्क्यावर उतरत आणि घाट चढून दख्खनच्या फौजांत जात. ही भरभराटच गावाच्या मुळावर आली. चौलच्या लढाईत मुलगा गमावलेल्या पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाने १५०८ च्या डिसेंबरअखेर दाभोळवर हल्ला केला, कत्तल केली आणि गाव जाळले.

आज पाहायची ती मुख्य इमारत म्हणजे खाडीकाठची शाही मशीद. लोक तिला अंडा मशीद म्हणतात. मोठा घुमट, चार कोपऱ्यांना मिनार, धाटणी थेट विजापूरची. तिच्याविषयीची कथा अशी : विजापूरची शहजादी आयेशाबीबी १६५९ च्या सुमारास हजसाठी लवाजम्यानिशी दाभोळला आली. समुद्रावरच्या धोक्यामुळे जाणे राहिले, तेव्हा मौलवींच्या सल्ल्याने तिने सोबतचे पंधरा लाख रुपये मशिदीवर खर्च केले. बांधकाम म्हणे चार वर्षे चालले, कारागीर कामिलखान.

कथा सुंदर आहे, पण सन तपासावा लागतो. १० नोव्हेंबर १६५९ ला अफझलखान मारला गेला आणि १६६० च्या सुरुवातीला शिवाजी महाराजांची फौज दाभोळपर्यंत पोहोचली. खानाची जहाजे इथून राजापूरला पळाली, हे इंग्रजांच्या कागदांत आहे. अशा धामधुमीत विजापूरच्या शहजादीचे काम चार वर्षे निवांत चालले असेल? माझा कयास असा की काम त्याआधीच सुरू झाले असावे, किंवा मग चार वर्षांची गोष्ट मागाहून जोडलेली असावी. इमारतीला बाध येत नाही. मात्र मुलांना मशीद दाखवताना केवळ पंधरा लाखांचा आकडा सांगून थांबू नये. घोडे, गवान आणि १५०८ ची राखही सांगावी.

गावात चंडिकादेवीचे गुहेतले मंदिरही आहे, अंधारातून वाकून जावे लागते. आणि हो, ‘दाभोळ’ नावाने गाजलेला एन्रॉनचा वीजप्रकल्प गावात शोधू नका. तो खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलला आहे. पलीकडे धोपाव्याला फेरीबोट जाते, गाडीही तीत चढते. मशीद पाहायची तर याच बोटीतून, पाण्यावरून पाहावी. गवानलाही हा किनारा आधी पाण्यावरूनच दिसला होता. मशीद मात्र तेव्हा नव्हती.