कांगड्याचे मीठ

१९५६ साली कांगडा खोऱ्यात गलगंडाची मोठी पाहणी झाली. हिमालयाच्या पायथ्याचा हा प्रदेश तेव्हा पंजाब राज्यात होता. हिमाचल प्रदेशात तो १९६६ साली आला. तपासलेल्यांपैकी सुमारे ३८ टक्के जणांची अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉइड, वाढलेली आढळली. या पाहणीतून जो प्रयोग उभा राहिला तो सोळा वर्षे चालला आणि एक लाखाहून अधिक लोकवस्तीला त्याने कवेत घेतले. स्वतंत्र भारतातील सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात त्याचे स्थान फार वरचे आहे. आज रक्तदाबासाठी मीठ कमी करा असा सल्ला घरोघर दिला जात असताना हा इतिहास पुन्हा वाचण्याजोगा आहे, कारण कांगड्यात औषध पोचवले गेले ते मिठातूनच.

अवटू ग्रंथी गळ्याच्या पुढच्या भागात असते. तिचे मुख्य संप्रेरक थायरॉक्सिन. त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. शरीर आयोडीन तयार करू शकत नाही. ते अन्नपाण्यातूनच यावे लागते. प्रौढ माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे सत्तर वर्षांच्या आयुष्यात एकूण चार ग्रॅमसुद्धा नाही. एवढेही न मिळाल्यास संप्रेरकाची निर्मिती मंदावते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी ते ओळखते आणि अवटू ग्रंथीला अधिक काम करण्याचा संदेश धाडत राहते. कच्चा माल नसताना कामाची सक्ती झालेली ग्रंथी मग आकाराने वाढू लागते. गलगंड म्हणजे या धडपडीची बाहेरून दिसणारी खूण.

हिमालयात ही टंचाई का, याचे उत्तर भूगोलात आहे. हिमनद्या, पाऊस आणि पूर यांनी डोंगरउतारांच्या मातीतील आयोडीन हजारो वर्षे धुऊन नेले. मातीत नाही म्हणून पिकात नाही, पिकात नाही म्हणून दुधात नाही आणि शेवटी माणसातही नाही. तराईतील पूरग्रस्त मैदानांची कथाही अशीच आहे.

हे कार्यकारण उलगडण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. १८११ साली फ्रान्समध्ये बर्नार कुर्त्वा यांना समुद्री शेवाळाच्या राखेत आयोडीन सापडले. १८२० साली जिनिव्हाचे वैद्य झां-फ्रांस्वा क्वांदे यांनी गलगंडावर ते वापरून पाहिले. १८९५ साली जर्मनीत ऑयगेन बाउमान यांना खुद्द अवटू ग्रंथीतच आयोडीन आढळले. १९२२ साली स्वित्झर्लंडने मिठात आयोडीन मिसळण्यास आरंभ केला.

भारतात मात्र दीर्घकाळ वेगळा विचार प्रबळ होता. विसाव्या शतकाच्या आरंभी गिलगिटमध्ये काम करणाऱ्या रॉबर्ट मॅकॅरिसन यांना गलगंडाचे मूळ दूषित पाण्यात दिसत होते. ते पडताळण्यासाठी त्यांनी पाण्यातला गाळ स्वतः प्यायला आणि स्वयंसेवकांनाही पाजला. पुढे याच मॅकॅरिसन यांनी कुन्नूर येथे पोषणविषयक संशोधनाची प्रयोगशाळा उभी केली. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था तिच्यातूनच घडली. कुन्नूरच्या त्या प्रयोगशाळेत १९४७ ते १९५४ या काळात एक तरुण विकृतिशास्त्रज्ञ काम करीत होता. त्याचे नाव वुलिमिरी रामलिंगस्वामी. कांगड्याचा प्रयोग त्यांच्याच नेतृत्वाखाली झाला.

प्रयोगाची मांडणी साधी होती. खोऱ्याचे तीन विभाग करण्यात आले. ‘अ’ विभागाला पोटॅशियम आयोडाइड मिसळलेले मीठ, ‘क’ विभागाला पोटॅशियम आयोडेट मिसळलेले मीठ आणि ‘ब’ विभागाला साधे मीठ. मीठच का, याला कारण होते. मीठ श्रीमंत-गरीब सर्वांच्या ताटात असते, रोज साधारण तेवढेच खाल्ले जाते, आणि डोंगरातल्या माणसाला ते बाहेरून विकतच घ्यावे लागते. आयोडाइड आणि आयोडेट यांची तुलनाही महत्त्वाची होती. दमट हवेत आयोडाइडचे ऑक्सिडीभवन होऊन आयोडीन उडून जाते. आयोडेट त्या मानाने टिकाऊ. पावसाळी, उष्ण देशात, गोणपाटाच्या पोत्यांतून दूरवर जाणाऱ्या मिठासाठी हा फरक निर्णायक ठरणार होता. भारताने पुढे आयोडेटच स्वीकारले.

१९६२ साली पुन्हा पाहणी झाली. आयोडीनयुक्त मीठ मिळालेल्या दोन्ही विभागांत गलगंडाचे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आले होते. साध्या मिठाच्या ‘ब’ विभागात ते जवळपास होते तिथेच होते. माती तीच, पाणी तेच, राहणी तीच. बदलले होते ते केवळ मीठ. यानंतर ‘ब’ विभागालाही आयोडीनयुक्त मीठ सुरू झाले आणि तिथलेही प्रमाण घसरू लागले. १९७२पर्यंतचे निष्कर्ष १९७३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या लेखाच्या कर्त्यांमध्ये सूच, कोचुपिल्लै, रामचंद्रन आणि रामलिंगस्वामी यांच्यासोबत देव आणि करमरकर ही मराठी आडनावेही आहेत.

या यशाला एक बोचरी कडा आहे. स्वित्झर्लंडचा अनुभव तीन दशकांचा असताना ‘ब’ विभागातील लोक सहा वर्षे साध्या मिठावर राहिले. हिमालयातील गलगंडाचे कारण तेव्हा वादातीत नव्हते आणि तुलनेसाठीच्या विभागावाचून ते ठरलेही नसते, हे खरे. पण त्या सहा वर्षांत तिथे जन्मलेल्या मुलांच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. आजच्या नीतिनियमांखाली असा प्रयोग मंजूर होणे कठीण आहे. इतिहास वाचताना त्याचे मोल आणि त्याची किंमत या दोन्ही गोष्टी एकत्रच नोंदवाव्या लागतात.

त्याहून मोठी किंमत मात्र पुरावा हाती आल्यानंतरच्या विलंबाची आहे. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पण तो गलगंडग्रस्त पट्ट्यापुरता होता. आयोडीनयुक्त मिठाचे उत्पादन अपुरे, साधे मीठ स्वस्त आणि सर्वत्र उपलब्ध, अशा स्थितीत कार्यक्रम रेंगाळला. गलगंड हा गळ्याचा, दिसण्याचा विकार आहे, जीवघेणा नाही, ही समजूतही आड येत होती.

ती समजूत १९८०च्या दशकात मोडली. उत्तर प्रदेशातील तीव्र आयोडीन-टंचाईच्या जिल्ह्यांत कोचुपिल्लै आणि सहकाऱ्यांनी नवजात अर्भकांच्या नाळेतील रक्त तपासले. तिथे दर हजार जन्मांमागे ७५ ते ११५ बालके अवटू-अल्पतेसह जन्मत होती. गलगंड नसलेल्या भागांत हे प्रमाण हजारी एकच्या आसपास होते. गर्भावस्थेत आणि जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत मेंदूची घडण थायरॉक्सिनवर अवलंबून असते. त्या काळातील उणीव पुढे भरून काढता येत नाही. नुकसान गळ्याचे नव्हते, बुद्धीचे होते, आणि तेही पिढीगणिक.

१९८४ साली देशातील सर्व खाद्य मीठ टप्प्याटप्प्याने आयोडीनयुक्त करण्याचा निर्णय झाला. १९९२ साली कार्यक्रमाच्या नावातून ‘गलगंड’ गेला आणि ‘आयोडीन-न्यूनता विकार’ आले. साध्या खाद्य मिठाच्या विक्रीवर १९९८ साली देशभर बंदी लागू झाली, २००० साली ती उठली आणि २००६ साली पुन्हा आली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यामागचा नियम कायद्याच्या कक्षेबाहेरचा ठरवला; पुढे अन्नसुरक्षा कायद्याखालील नियमांनी ती टिकली. मिठाच्या सत्याग्रहाचा वारसा सांगणाऱ्या देशात मिठावर सक्ती असावी का, हा वाद पोकळ नव्हता. पण त्याच्या एका पारड्यात अजून न जन्मलेल्या मुलांचा मेंदू होता. २०१८-१९च्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे ७६ टक्के घरांत पुरेसे आयोडीन असलेले मीठ आढळले. जम्मू-काश्मीरमध्ये हे प्रमाण जवळजवळ शंभर टक्के होते, तर समुद्रकाठच्या, मीठ पिकवणाऱ्या तामिळनाडूत सुमारे ६२ टक्के. मिठागराशेजारी सुटे मीठ सहज मिळते, आणि समुद्राच्या मिठात आयोडीन आपोआप असते हा समज खोटा आहे. ते नगण्य असते. सैंधवाचेही तसेच.

आता प्रश्नाचे रूप पालटले आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या अभ्यासात सुमारे ११ टक्के प्रौढांना अवटू-अल्पता आढळली. यांतील अनेकांच्या आजाराचे मूळ आयोडीनच्या टंचाईत नसून शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने स्वतःच्याच ग्रंथीवर केलेल्या हल्ल्यात असते. जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोतो यांनी अशा ग्रंथींचे वर्णन १९१२ सालीच केले होते. इथे अधिक आयोडीन खाऊन ग्रंथी बरी होत नाही, क्वचित बिघडतेच. लागते ती थायरॉक्सिनची गोळी.

आणि हा रुग्ण बहुधा एकच आजार घेऊन येत नाही. अवटू संप्रेरक कमी पडले की रक्तवाहिन्या आक्रसलेल्या राहतात, त्यामुळे रक्तदाबाचा विशेषतः खालचा आकडा वाढतो. योग्य उपचाराने तो पुष्कळदा उतरतोही. शिवाय संप्रेरक घडवणाऱ्या विकराला लोह लागते आणि ते कार्यक्षम रूपात आणणाऱ्या विकरांना सेलेनियम. भारतात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे लक्षात घेता लोहाची गोष्ट किरकोळ नाही. त्यात पुन्हा लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी थायरॉक्सिनसोबत घेतली, तर थायरॉक्सिन आतड्यात नीट शोषले जात नाही. म्हणून दोहोंत साधारण चार तासांचे अंतर ठेवायला सांगतात. विकार वेगळे दिसले तरी शरीर एकच असते.

अशा रुग्णाला सांगितले जाते, मीठ कमी करा. सल्ला रास्तच आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमची आहे आणि भारतीय माणसाच्या पोटात विविध अभ्यासांनुसार सुमारे ८ ते ११ ग्रॅम जाते. परंतु इथे एक छोटा गुणाकार करून पाहावा. ग्राहकाच्या हाती येणाऱ्या मिठात दर ग्रॅममागे किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावे असा नियम आहे. दिवसाला १० ग्रॅम मीठ खाल्ले तर १५० मायक्रोग्रॅम मिळते, नेमकी गरजेइतकी मात्रा. मीठ ५ ग्रॅमवर आणले की मिठातून मिळते ७५. गर्भवतीची गरज तर २५० आहे, आणि शिजवताना काही आयोडीन उडते ते वेगळेच.

म्हणजे रक्तदाब आणि अवटू ग्रंथी यांपैकी एकाचीच निवड करावी लागते का? मुळीच नाही. मीठ निम्मे झाले, तर त्यातील आयोडीनचे प्रमाण दुप्पट करावे: ग्रॅममागे ३० मायक्रोग्रॅम, की पुन्हा तेच १५०. मीठ हे केवळ वाहन आहे. त्यात किती माल भरायचा हे कारखान्यात ठरवता येते. जागतिक आरोग्य संघटनाही ही दोन्ही धोरणे परस्परपूरक मानते आणि खाल्ल्या जाणाऱ्या मिठाच्या मानाने आयोडीनची मात्रा बदलण्यास सांगते. त्यासाठी लोक प्रत्यक्षात किती मीठ खातात आणि त्यांच्या लघवीतून किती आयोडीन जाते, हे वरचेवर मोजत राहावे लागेल.

तोवर घरापुरता नियम सोपा आहे: मीठ कमी, पण जे खायचे ते आयोडीनयुक्त. रक्तदाबाच्या भीतीने साध्या मिठाकडे किंवा सैंधवाकडे वळल्याने सोडियम फारसे घटत नाही, आयोडीन मात्र जाते. ज्या घरात बाळाची चाहूल आहे, तिथे तर ही अदलाबदल मुळीच परवडणारी नाही. साध्या मिठावर राहिल्याने काय होते, हे कांगड्याच्या ‘ब’ विभागाने सहा वर्षे सोसून दाखवले आहे. तो प्रयोग पुन्हा करण्याची गरज नाही.