रुग्णाच्या खाटेशेजारची शाळा

शरीररचना आणि रोगशास्त्र पुस्तकांतून वाचता येते. अनोळखी माणसाच्या पोटाला हात कसा लावावा, हे मात्र वॉर्डातच शिकावे लागते. एमबीबीएसचे विद्यार्थी दुसऱ्या वर्षापासून तेथे नियमित जाऊ लागतात. पहिला पाठ साधा असतो. रुग्णाच्या उजव्या बाजूला उभे राहावे, नाव सांगावे, आपण विद्यार्थी आहोत हे लपवू नये आणि तपासण्यापूर्वी परवानगी घ्यावी.

निरीक्षण, स्पर्शन, ताडन आणि श्रवण हा तपासणीचा क्रम ठरलेला आहे. पोट तपासण्यापूर्वी तळहात चोळून ऊबदार करावेत, दुखरी जागा आधी विचारून ती सर्वांत शेवटी दाबावी आणि नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर ठेवावी, असे शिकवले जाते. यात सौजन्याइतकेच शास्त्रही आहे. धसकलेला रुग्ण पोट आखडून घेतो आणि मग वाढलेले यकृतही हाताला लागत नाही. स्त्रीरुग्णाला पुरुष विद्यार्थ्याने पडदा ओढून, परिचारिकेच्या उपस्थितीतच तपासावे, असा दंडक आहे. (स्टेथोस्कोपचा जन्मही संकोचातूनच झाला. १८१६ मध्ये पॅरिसमधील डॉ. लेनेक यांना एका तरुणीच्या छातीला कान लावणे अप्रशस्त वाटले. त्यांनी कागदाची सुरळी केली.)

भाषा हा आणखी एक अडसर. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. परप्रांतातून महाराष्ट्रात आलेल्या विद्यार्थ्याला ‘कळ’, ‘ठणका’ आणि ‘चमक’ यांतील फरक कळेपर्यंत आजीबाईंचे दुखणे अर्धेच समजते.

पूर्वी हे सारे ज्येष्ठ अध्यापकांचे पाहून उचलले जाई. अध्यापक तुसडा असेल तर तुसडेपणाही उचलला जाई. भारतीय वैद्यक परिषदेने २०१९ च्या प्रवेशांपासून वृत्ती, नीतिमत्ता व संवाद यांचा ‘एटकॉम’ हा भाग अभ्यासक्रमात आणला. विच्छेदनासाठीच्या मृतदेहाला पहिला गुरू मानण्याचा पाठही त्यात आहे. २०२० मध्ये परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली.

खरी कसोटी शासकीय रुग्णालयांत लागते. ठळक लक्षणे असलेला रुग्ण विद्यार्थ्यांच्या बोलीत ‘चांगली केस’ ठरतो आणि त्याचे तेच पोट अनेक हात चाचपतात. नकार देण्याचा त्याला पूर्ण अधिकार असतो. पण औषधपाणी थांबेल, या धास्तीने गरीब माणूस गप्प राहतो. नकारामुळे उपचारांत फरक पडणार नाही, हे विद्यार्थ्याने आपणहून सांगणे अपेक्षित आहे. परीक्षेच्या धांदलीत नेमके तेवढेच राहून जाते.