तळघरातला फार्मासिस्ट वॉर्डात आला तेव्हा

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या बहुतेक हॉस्पिटलांत औषधांचा कारभार वॉर्डातल्या एका कपाटावर चालायचा. कपाटात गोळ्यांच्या मोठमोठ्या बाटल्या, पातळ औषधांचे बुधले आणि इंजेक्शनच्या कुप्या असत. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलेलं औषध सिस्टर आपल्या कार्डावर उतरवून घ्यायची, बाटलीतून गोळ्या मोजून छोट्या पेल्यांत टाकायची आणि ट्रे घेऊन खाटांमधून फिरायची. फार्मासिस्ट असायचा तळघरात. वरची बाटली रिकामी झाली की ती भरून पाठवणं, मलमं आणि मिश्रणं तयार करणं, साठ्याचा हिशेब ठेवणं एवढंच त्याचं काम. औषध नेमकं कुणाच्या पोटात जातंय, त्या माणसाची मूत्रपिंडं धड आहेत का, त्याला आधीच कोणती औषधं चालू आहेत, हे त्याला कळायची सोयच नव्हती.

या पद्धतीत किती चुका होतात, हेही कुणी मोजलं नव्हतं. चूक झाली की सिस्टरने नोंदवहीत लिहायचं, असा नियम असे. म्हणजे ज्याची चूक त्यानेच ती ओळखायची आणि त्यानेच कबूल करायची. केनेथ बार्कर आणि वॉरन मॅककॉनेल या फ्लोरिडा विद्यापीठातल्या फार्मसीच्या संशोधकांनी वेगळी वाट धरली. निरीक्षकाने औषध वाटणाऱ्या सिस्टरसोबत फिरायचं, कोणत्या रुग्णाला काय दिलं ते जसंच्या तसं टिपायचं, आणि मग ते डॉक्टरांच्या मूळ लिखाणाशी ताडून पाहायचं. १९६२ साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. दर शंभर डोसमागे सुमारे सोळा चुका निघाल्या. नोंदवहीत आपणहून लिहिलेल्या चुका याच्या पासंगालाही पुरत नव्हत्या.

सिस्टर निष्काळजी होत्या, असा याचा अर्थ लावला तर तो अन्याय होईल. एकाने लिहायचं, दुसरीने उतरवायचं, तिसरीने काढायचं आणि चौथीने द्यायचं, अशी ती साखळी होती. चूक होऊ शकेल अशा जागाच त्यात इतक्या होत्या, की चूक न होणं हेच नवल. आणि या साखळीत औषधांचं शिक्षण घेतलेला एकमेव माणूस कुठेच नव्हता.

साठच्या दशकात आयोवा आणि आर्कान्सा इथल्या विद्यापीठ-हॉस्पिटलांत ‘युनिट डोस’ पद्धतीचे प्रयोग झाले. बाटल्यांचं कपाट मोडीत काढायचं आणि फार्मसीतून प्रत्येक रुग्णाच्या नावाने प्रत्येक वेळचा डोस वेगळ्या पुडीत पाठवायचा. पुडीवर औषधाचं नाव आणि ताकद छापलेली, आणि ती पुडी फाडायची ती थेट खाटेपाशी. वरवर पाहता ही निव्वळ बांधणीतली सुधारणा. पण तिचा खरा परिणाम निराळाच झाला. रुग्णागणिक पुड्या बांधायच्या, तर फार्मासिस्टला प्रत्येक रुग्णाचं प्रिस्क्रिप्शन वाचणं भाग पडलं. आजवर त्याला बाटल्या दिसत होत्या, आता माणूस दिसू लागला. या रुग्णाला दोन डॉक्टरांनी एकच औषध दोन नावांनी लिहिलंय, त्याचा डोस वयाच्या मानाने जास्त आहे, हे त्याच्या लक्षात यायला लागलं. आणि एकदा लक्षात आलं की गप्प कसं बसायचं?

सॅन फ्रान्सिस्कोत याचं उत्तर एका मजल्यावर शोधलं गेलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मॉफिट हॉस्पिटलातला नववा मजला शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा होता. सिडनी रीगलमन, एरिक ओवयांग, जेरे गोयन यांच्यासारख्या फार्मसीतल्या मंडळींनी १९६६च्या सप्टेंबरमध्ये त्या मजल्यावरच छोटी फार्मसी उघडली. ती चोवीस तास चालायची. फार्मासिस्ट आणि विद्यार्थी डॉक्टरांसोबत राउंडला जायचे, औषधांबद्दलच्या शंका तिथल्या तिथे सोडवायचे. या गोष्टीचं अप्रूप आज वाटणार नाही, पण त्या काळी अमेरिकी फार्मासिस्टांच्या आचारसंहितेत बाटलीतल्या औषधाची चर्चा रुग्णाशी करू नये, असंच सांगितलेलं होतं. ‘नाइन्थ फ्लोअर प्रोजेक्ट’ या नावाने हा प्रयोग फार्मसीच्या इतिहासात गेला. त्यातून घडलेल्या पिढीने क्लिनिकल फार्मसी हा विषय देशभर नेला. गोयन पुढे १९७९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त झाले. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले फार्मासिस्ट.

ब्रिटनमध्ये हीच गोष्ट एका कागदामुळे घडली. साठच्या दशकात स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमधल्या हॉस्पिटलांनी औषधांचा नवा तक्ता आणला. डॉक्टरने औषध त्यावरच लिहायचं, सिस्टरने दिल्याची खूण त्यावरच करायची, मधे उतरवून घेणं नाही. तक्ता खाटेपाशी राहणार म्हटल्यावर तो पाहायला फार्मासिस्टलाच वॉर्डात जावं लागलं. वॉर्ड फार्मसी ही तिथे अशी रुजली.

पुढची लढाई होती अक्षरांशी आणि आकड्यांशी. मायकेल कोहेन या फार्मासिस्टने १९७५ पासून हॉस्पिटल फार्मसीच्या मासिकात औषधांच्या चुकांवर सदर लिहायला घेतलं. देशभरातून आलेल्या चुका तो नावं न घेता छापायचा आणि त्या का झाल्या ते उलगडून दाखवायचा. इन्सुलिन लिहिताना ‘युनिट’ऐवजी इंग्रजी ‘यू’ हे एकच अक्षर काढायची डॉक्टरांना सवय होती. घाईत ते वरून मिटलं की शून्यासारखं दिसायचं आणि १०चे १०० व्हायचे. एक मिलिग्रॅम लिहिताना १.० लिहिलं आणि मधला ठिपका पुसट आला, की वाचणाऱ्याला दहा दिसायचे. ‘लोसेक’ हे आम्लपित्ताचं औषध अमेरिकेत आलं, तेव्हा त्याचं नाव लघवी वाढवणाऱ्या ‘लॅसिक्स’शी इतकं जुळायचं, की १९९० मध्ये ते बदलून ‘प्रायलोसेक’ करावं लागलं. कोहेनच्या सदरातून पुढे औषध-सुरक्षेसाठीच वाहिलेली संस्था उभी राहिली. ‘यू’ लिहू नका, पूर्णांकापुढे ठिपका देऊन शून्य लिहू नका, हे आज जगभरातल्या हॉस्पिटलांत भिंतीवर लावलेले नियम आहेत. त्यांच्यामागे ही चिकाटी आहे.

तरीही सर्वसामान्यांपर्यंत हा विषय पोचायला एक मृत्यू व्हावा लागला. बेट्सी लेमन ‘बॉस्टन ग्लोब’ या दैनिकात आरोग्यविषयक लेखन करायची. वय ३९, दोन मुलींची आई. स्तनाच्या कर्करोगावर बॉस्टनच्या डेना-फार्बर या नामांकित संस्थेत तिचे उपचार चालू होते. सायक्लोफॉस्फमाइड या औषधाचा चार दिवसांत मिळून द्यायचा डोस तिला रोज एकदा, असा चार दिवस दिला गेला. म्हणजे चौपट. उपचारांच्या योजनेत आकडा लिहिलेला होता, पण तो एका दिवसाचा की चार दिवसांचा हे वाचणाऱ्याने ठरवायचं होतं. डॉक्टर, सिस्टर, फार्मासिस्ट, कुणालाच तो खटकला नाही. ३ डिसेंबर १९९४ रोजी ती गेली. चूक उघडकीला आली १९९५च्या फेब्रुवारीत, जुन्या नोंदी चाळणाऱ्या कर्मचाऱ्यामुळे. याच चुकीने आणखी एका रुग्ण स्त्रीलाही जास्त डोस गेल्याचं तेव्हा कळलं.

इथे थांबून एक गोष्ट नोंदवायला हवी. या प्रकरणात फार्मासिस्ट होता, तरी चूक अडली नाही. नुसतं पद असून भागत नाही. प्रिस्क्रिप्शन लिहिलं जाताना तो कुठे उभा आहे आणि हटकायची मुभा त्याला आहे का, यावर सारं अवलंबून असतं.

याचा पुरावाही बॉस्टनमध्येच मिळाला. मुलांचे शल्यविशारद म्हणून काम केलेले लुशियन लीप पुढे हार्वर्डमध्ये वैद्यकीय चुकांच्या अभ्यासाकडे वळले होते. न्यूयॉर्क राज्यातले तीस हजारांहून जास्त केसपेपर तपासणाऱ्या अभ्यासात ते होते. १९९१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दाखल झालेल्यांपैकी ३.७ टक्के रुग्णांना उपचारांमुळे इजा झाली होती आणि अशा इजांत औषधांचा वाटा सगळ्यात मोठा होता. त्यानंतर लीप आणि सहकाऱ्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात साधा प्रयोग केला. तिथल्या एका आयसीयूत एका अनुभवी फार्मासिस्टला रोज सकाळी डॉक्टरांसोबत राउंडला पाठवायचं. सकाळभर तो तिथेच थांबणार आणि नंतर दिवसभर फोनवर हजर. हृदयरोगाच्या दुसऱ्या आयसीयूत आधीचीच पद्धत ठेवायची, म्हणजे तुलना करता येईल.

आकडे १९९९च्या जुलैमध्ये छापून आले. औषध लिहिण्यातल्या, टाळता येण्याजोग्या चुकांमुळे होणारी इजा आधी दर हजार रुग्ण-दिवसांमागे १०.४ होती, ती ३.५ वर आली. दोन-तृतीयांश घट. दुसऱ्या आयसीयूत फरक पडला नाही. फार्मासिस्टने औषधांबाबत ३६६ सूचना केल्या आणि त्यातल्या ३६२ डॉक्टरांनी मान्य केल्या. डॉक्टर फार्मासिस्टचं ऐकत नाहीत, या जुन्या समजाला यापेक्षा चांगलं उत्तर नाही. खाटेपाशी, केसपेपर हातात असताना, ‘यांचं क्रिएटिनिन वाढलंय, मूत्रपिंडं मंदावलीत, हा डोस निम्मा करूया का?’ असं विचारलं तर त्यात डॉक्टरचा मान जात नाही आणि रुग्णाला चुकीचा डोसही जात नाही. तेच तासाभराने तळघरातून फोनवर विचारलं, तर डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात आणि औषध सलाईनमध्ये गेलेलं. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलात साध्या मेडिकल वॉर्डांतही असाच प्रयोग झाला, तिथे टाळता येण्याजोगी इजा ७८ टक्क्यांनी घटली.

याच काळात एक अगदी साधा उपायही झाला. पोटॅशियम क्लोराइडची घट्ट द्रावणाची कुपी दिसायला इतर कुप्यांसारखीच असते. पातळ न करता ती शिरेत गेली तर हृदय बंद पडतं. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने १९९८ मध्ये गंभीर घटनांबाबत इशारे काढायला सुरुवात केली, त्यातला पहिलाच इशारा या कुपीबद्दल होता. ती वॉर्डातून हलवा आणि फार्मसीत ठेवा, एवढाच उपाय. जुन्या कपाटाचा उरलेला सगळ्यात घातक भाग असा बाहेर निघाला.

भारतात ही गोष्ट कंपाउंडरपासून सुरू होते. डॉक्टरांच्या दवाखान्यात लाल-गुलाबी मिश्रणाच्या बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवून देणारा तो माणूस मराठी घरांना पिढ्यानपिढ्या परिचयाचा होता. १९४८च्या फार्मसी कायद्याने या व्यवसायाला नोंदणी आणि शिक्षणाची चौकट दिली. पहिल्या नोंदवहीत पाच वर्षं औषधं तयार करण्याचा अनुभव असलेल्या कंपाउंडरांनाही जागा होती. पण हॉस्पिटलातला फार्मासिस्ट खिडकीमागेच राहिला.

त्या खिडकीमागे काय घडू शकतं, हे मुंबईने १९८६ मध्ये पाहिलं. जे. जे. रुग्णालयात मेंदूची सूज किंवा डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी ग्लिसरॉल दिलेल्या रुग्णांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. चौदाजण दगावले. औषधी ग्लिसरॉलच्या जागी डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेलं ग्लिसरॉल आलं होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाच्या चौकशीतून खरेदी, परवाने आणि तपासणी या सगळ्याच पायऱ्यांवरची सडकी अवस्था बाहेर आली. हा गुन्हा पुरवठ्यातला होता, प्रिस्क्रिप्शनमधला नव्हता. तरी कोणत्या रुग्णाला कोणत्या बाटलीतलं औषध गेलं आणि त्यानंतर त्याचं काय झालं, हे जोडून पाहणारा औषधतज्ज्ञ वॉर्डात असता, तर धोक्याची घंटा लवकर वाजण्याची शक्यता होती. औषधांच्या दुष्परिणामांची देशभर नोंद ठेवणारा आजचा औषध-दक्षता कार्यक्रम सुरू व्हायला त्यानंतर २०१० साल उजाडलं.

वॉर्डातल्या फार्मसीचं शिक्षण आपल्याकडे नव्वदच्या दशकात म्हैसूर आणि उटीच्या जेएसएस महाविद्यालयांत ऑस्ट्रेलियन फार्मासिस्टांच्या मदतीने सुरू झालं. २००८ मध्ये फार्मसी कौन्सिलने सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम आणला, ज्याचं शेवटचं वर्ष हॉस्पिटलातच जातं. कौन्सिलच्या नियमांत क्लिनिकल फार्मासिस्टचं काम लिहिलेलंही आहे. महाराष्ट्रातही ही पदवी देणारी महाविद्यालयं आहेत. पदवी मिळाली, पण जागा निघाल्या नाहीत. मोठ्या खासगी हॉस्पिटलांत मानांकनाच्या निमित्ताने काही नेमणुका होतात. सरकारी रुग्णालयात मात्र ‘औषध निर्माण अधिकारी’ आजही प्रामुख्याने साठा, इंडेंट आणि खिडकीपुढची रांग सांभाळतो. औषधं खाटेपाशी तपासायला शिकलेली मुलं-मुली कंपन्यांच्या कचेऱ्यांत दुष्परिणामांचे अहवाल संगणकात भरतात, नाहीतर परदेशी जायची तयारी करतात.

बॉस्टनच्या प्रयोगाला नवं यंत्र लागलं नव्हतं. एक माणूस आणि त्याची सकाळ लागली होती. महाराष्ट्रातल्या प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाने निदान आयसीयूसाठी क्लिनिकल फार्मासिस्टचं एक पद मंजूर करून घ्यावं, आणि सकाळच्या राउंडला त्याला सोबत न्यावं.